तिला चेहरा नाही

शाळा सुटून बराच वेळ झाला होता. गणिताच्या बाई खांद्याला पिशवी लावून जिना उतरत होत्या, आणि मधल्या वळणाच्या अलीकडंच त्यांना खालून स्वतःचा आवाज ऐकू आला. "घाई नाही," आवाज म्हणाला. "पुन्हा सांग. मी ऐकतेय." बाईंनी पटकन ओठ मिटले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ते मिटलेलेच होते. आरशातला आपला चेहरा माणसाच्या सवयीचा असतो, फोटोतलासुद्धा तो कुरकुरत का होईना कबूल करतो. पण आपला आवाज आपल्या आधी जिना उतरून खाली जाऊन बसलाय, ही गोष्ट काही केल्या अंगवळणी पडत नाही. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. खालच्या पायरीवर, भिंतीला खांदा टेकून, त्यांच्याकडं पाठ करून पुटपुट बसली होती. नववीतली, खिडकीकडच्या रांगेतली. फोन तिनं तोंडासमोर आडवा धरला होता आणि ती बोलत होती. पुटपुटत नव्हती, चांगली खणखणीत बोलत होती. "केंद्रापासून जीवेवर लंब टाकला. आता केंद्रापासून जीवेच्या दोन्ही टोकांना त्रिज्या काढल्या. एकाच वर्तुळाच्या त्रिज्या, म्हणून सारख्या. लंब दोन्ही त्रिकोणांत तोच. दोन्हीकडं काटकोन. म्हणून..." इथं ती अडली. बाईंच्या ओठांवर नेहमीचं ते आलं, मूल अडलं की यायचं ते. म्हणून काय, म्हणून काय, बोल ना. फोनमधल्या बाई मात्र गप्प राहिल्या. त्यांना कुठं जायचं नव्हतं. "म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप," पुटपुट म्हणाली, "आणि म्हणून जीवेचे दोन्ही भाग सारखे." "अगदी बरोबर," बाईंचा आवाज म्हणाला. पुटपुट हसली, तिचे खांदे हसले, ते वरून दिसलं. खरं तर बाईंनी सरळ खाली उतरून जायला हवं होतं. शाळा त्यांची, जिना त्यांचा, आवाजसुद्धा त्यांचाच. त्या मात्र चवड्यांवर चालत मागं फिरल्या, लांबलचक व्हरांडा ओलांडून पलीकडच्या जिन्यानं उतरल्या, आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांनी श्वाससुद्धा चोरून घेतला.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी स्वतःला विचारलं, की बाई, तुम्ही पळालात कशाला? उत्तर ठाऊक होतं म्हणून त्या भरभर चालू लागल्या. मागच्याच आठवड्यात, भरल्या वर्गात, हाच प्रश्न त्यांनी पुटपुटला विचारला होता. हेच वर्तुळ, हीच जीवा, हाच लंब. आणि पुटपुट फळ्यापाशी उभी राहून नुसती बोटं चोळत राहिली होती. तसं बघितलं तर भानगड जुनीच. मुलं घरचा अभ्यास चॅटबॉटकडून लिहून आणतात, मग वहीला अर्थच काय, असं म्हणून शाळेनं लेखी कमी केलं आणि तोंडीला वजन दिलं. पण एवढ्या मुलांची तोंडी ऐकायला वेळ कुणाला? म्हणून तोंडी घ्यायलाही चॅटबॉटच बसवला. ज्यानं काटा टोचला त्याच्याच हातात चिमटा, असं बाई शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या होत्या आणि सगळे हसले होते. मूल फोनवर सिद्धता समजावून सांगणार, चॅटबॉट मधे मधे विचारणार, गुण देणार, आणि बाईंनी ते बघून कायम करायचे. पुटपुटला त्यानं वर्गात सगळ्यांहून जास्त गुण दिले. बाईंना वाटलं, यंत्राच्या डोळ्यांत धूळ फेकलीन पोरीनं; शेजारी कुणीतरी बसून सांगत असणार. वर्षभर जिच्या तोंडून अक्षर फुटलं नाही ती सिद्धता सांगते? त्यांनी तिला फळ्यापाशी बोलावलं. ती बोलली नाही. वर्ग आधी टकमक बघत राहिला, मग फिसफिसला. "बघा," बाई वर्गाकडं वळून म्हणाल्या होत्या, "फोन नसला की आमची बॅटरी उतरते." मुलं खो खो हसली. बाईंनी गुण रद्द केले आणि शेरा दिला, उत्तरे स्वतःची वाटत नाहीत. त्या शेऱ्यानं पुटपुट पुढच्या वर्षी साध्या गणिताच्या तुकडीत जाणार होती. त्या तुकडीत सिद्धता नसते, नुसते हिशेब असतात, आणि तिथून परत वरच्या गणितात आलेलं मूल बाईंनी तरी पाहिलेलं नव्हतं. तुकड्या उद्या दुपारी कायम व्हायच्या होत्या. रस्ता ओलांडताना एका गाडीनं करकचून भोंगा वाजवला, तेव्हा बाईंना कळलं की त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या आहेत.

पुटपुट हे नाव तिच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, ते बाईंनी ठेवलं. जूनमध्ये की जुलैमध्ये, कधीतरी पहिल्या पहिल्या तासांना, त्या पोरीनं जागेवरूनच काहीतरी उत्तर दिलं आणि बाई म्हणाल्या, "काय गं पुटपुट, मला सांगतेस की बाकाला?" एवढंच. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा तिला पुटपुट म्हणत होती, आणि खरं सांगायचं तर बाईंना त्याची गंमतच वाटली होती. आपला शब्द चालतो, शाळेच्या मैदानावर धावतो, याचं कुठल्या मास्तराला वाईट वाटतं? बाईंची जीभ प्रसिद्धच होती. माजी विद्यार्थी भेटले की त्यांची बोलणी पाठ म्हणून दाखवायचे आणि पोट धरून हसायचे. हसणारेच भेटायला येतात, न हसणारे रस्ता बदलतात, हे आज चालता चालता त्यांच्या पहिल्यांदा मनात आलं आणि त्यांचा चेहरा तापला. संगणकाच्या सरांनी सहामाहीभर त्यांच्या कॉलरला माइक लावला होता. चॅटबॉट कुठल्या तरी परक्या आवाजात बोलण्यापेक्षा मुलांच्या ओळखीच्या आवाजात बोललेला बरा, आणि समजावून सांगण्यात बाईंचा हात कोण धरणार, असं सगळ्यांचं मत पडलं. बाई भाव खात खात कबूल झाल्या. काम झाल्यावर सर, पोरगेलासा माणूस, चाचरत म्हणाले होते, "मॅडम, तुमचं शिकवणं सगळं घेतलं. फक्त ते जरा... टोमणे तेवढे गाळले." बाई म्हणाल्या, "मग उरलं काय?" पुन्हा सगळे हसले. संगणकाचे सर मात्र हसले नव्हते. ते वायरी गुंडाळत होते. माइक लावून ते बाईंचा प्रत्येक तास ऐकत बसले होते, एकटे, हेडफोन कानाला लावून, आणि एकेक टोमणा शोधून कापत गेले होते. त्यांना किती कापावं लागलं असेल, हे बाईंनी विचारलं नव्हतं. मुलं आता फोनमधलीला ती बाई म्हणत. "ती बाई काल म्हणाली", "ती बाई बरोबर सांगते." यांना नुसतं बाई. बाईंना आधी कौतुक वाटलं, मग नाही म्हटलं तरी थोडं खुपलं, आणि आता, घराचं कुलूप काढताना, चावी दोनदा चुकली.

घरी नवरा खिडकीपाशी रेडिओ उघडून बसला होता. निवृत्त झाल्यापासून तो चालू वस्तू दुरुस्त करायचा. "चेहरा का असा?" त्यानं मान अर्धवट वर करून विचारलं. "कसा?" "अण्णांसारखा." अण्णा म्हणजे बाईंचे वडील. बाईंनी चहा ठेवला, आणि भांड्यात पाणी उकळायला लागेपर्यंत त्या पाण्याकडं बघत राहिल्या. अण्णा कधी मारायचे नाहीत. त्यांनी कधी आवाजही चढवला नाही. जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून ते समोर बसत आणि गणित घालत, आणि उत्तर चुकणार असलं की, चुकायच्या आधीच, त्यांची डावी भुवई किंचित वर जाई आणि नाकातून एक छोटा श्वास बाहेर पडे. फुस्. एवढंच. त्या श्वासाचा वारा अजून बाईंच्या कपाळाला लागतो. तो श्वास यायच्या आत उत्तर गाठायचं, या एका भीतीवर त्या गणित शिकल्या, पहिल्या आल्या, आणि सगळे म्हणाले अण्णांनी पोरीचं सोनं केलं. धाकटी बहीण त्या टेबलावर बसली की तिची पाचावर धारण बसायची. तिनं पुढं गणित सोडलं. अजूनही दुकानात सुटे पैसे मोजताना नवऱ्याकडं बघते. अगदी अण्णांवर गेलीस, असं बाईंना लोक म्हणत आणि त्या ते कौतुक म्हणून घेत. नाक तेच, भुवई तीच. भुवईचं काय करायचं असतं, हे कधी कुणी सांगितलं नाही. चहा उतू गेला. "अगं!" नवरा म्हणाला. बाईंनी शेगडी पुसली, आणि मग कप तसाच ठेवून आतल्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं, फोनवर सरावासाठी दिलेलं विद्यार्थ्याचं खातं उघडलं, आणि एखादं मूल बोलेल तसा आवाज बारीक करून म्हणाल्या, "बाई, मला जीवेचं प्रमेय येत नाही."

"काही हरकत नाही," फोनमधून बाई म्हणाल्या. "तुला जेवढं येतं तेवढं सांग." बाईंनी मुद्दाम चुकीचं सांगितलं. लंबाऐवजी कुठलीही रेघ काढली. त्या भुवई वर जायची वाट बघत होत्या, भुवई नव्हती. "इथपर्यंत चांगली आलीस," त्यांचाच आवाज त्यांना म्हणाला. "आता एक बघ. ती रेघ जीवेला कशी भेटते?" बाईंनी पुन्हा चुकीचं सांगितलं. आणखी एकदा. मग, का कोण जाणे, सांगायचं सोडून नुसत्या गप्प बसल्या, पुटपुटसारख्या. "घाई नाही. पुन्हा सांग. मी ऐकतेय." बाईंना रडू फुटेल असं वाटलं आणि त्या स्वतःवरच चिडल्या. एका यंत्रानं आपल्याच आवाजात आपल्याला चुचकारावं आणि आपण विरघळावं, या वयात! हा आवाज इतका मऊ कधी होता? की मऊच होता आणि त्यावर बाकीचं आपण बसवलं? त्यांनी नाक पुसलं आणि आता शिक्षकासारखी उलटतपासणी घ्यायची ठरवली. सिद्धता भराभर सांगितली, पण त्रिज्या सारख्या का आहेत, आणि काटकोन कुठून आला, हे दोन्ही गाळून टाकलं. थेट म्हणाल्या, म्हणून त्रिकोण एकरूप. "अगदी बरोबर," ती बाई म्हणाली. बाई ताडकन उठल्या. बरोबर? कुठं बरोबर? पायाच नाही आणि कळस चढवला, आणि ही म्हणते बरोबर! लबाड आहे ही, गोड बोलून गुण वाटते. "अहो, ऐकलंत का!" त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "ती बाई ना, वाट्टेल ते खपवून घेते!" नवऱ्यानं स्क्रू दातांत धरला होता. तो काढून तो म्हणाला, "मग बरीच आहे की. तिलाच ठेवून घेऊ घरी." एरवी बाईंनी त्याला सोडलं नसतं. पण तेवढ्यात त्यांना जिना आठवला. एकाच वर्तुळाच्या त्रिज्या, म्हणून सारख्या. दोन्हीकडं काटकोन. पुटपुटनं एकही पायरी गाळली नव्हती. यंत्रानं खपवून घेतलं असतं, तरीही गाळली नव्हती. शेजारी कुणी नसताना, कुणी बघत नसताना, त्या पोरीनं प्रमेय असं मांडलं होतं जसं बाईंना हवं असतं, अगदी बाईंना हवं असतं तसंच. बाईंच्या अंगातला सगळा विजय खाली गळाला. त्या खुर्चीत बसल्या. यंत्राचे गुण खोटे होते आणि आपला शेरा त्याहून खोटा होता, कारण यंत्रानं निदान ऐकलं तरी होतं. लाज म्हणजे काय ते त्यांना तेव्हा कळलं. ती डोक्यात नसते, ती मानेच्या मागं असते, कॉलर लागते तिथं.

सकाळी त्या मुख्याध्यापिकेकडं गेल्या. मुख्याध्यापिका त्यांच्याहून लहान, कधीकाळी याच शाळेत त्यांच्या हाताखाली नवशिकी म्हणून आलेली. "ताई, तो शेरा मला मागं घ्यायचाय," बाई उभ्यानंच म्हणाल्या. "का हो?" "चुकला." मुख्याध्यापिकेनं चष्मा काढला. बाईंच्या तोंडून हा शब्द तिनं दुसऱ्यांबद्दल पुष्कळदा ऐकला होता. "म्हणजे यंत्राचे गुण कायम करायचे?" "नाही. यंत्रालाही अक्कल नाही. मी स्वतः तोंडी घेते." "पण तुम्ही घेतलीत की. ती बोलली नाही म्हणालात." बाईंना खरं सांगता आलं असतं, की मी तिला जिन्यात चोरून ऐकलं आणि पळाले. त्या म्हणाल्या, "मी नीट घेतली नव्हती." एवढं वाक्य बोलायला त्यांना घोटभर पाणी प्यावं लागलं. "दुपारी तुकड्या लागतात," मुख्याध्यापिका म्हणाली. "तोवर काय ते सांगा. आणि बाई, बसा हो जरा, तुमचा चेहरा..." "माहितीय," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होता. बाकांवर डबे, दप्तरं, कुणाचा तरी एकच मोजा. खाली मैदानावर मुलांचा गलका. पुटपुट दारात उभी राहिली, आत यावं की नाही अशी. "ये," बाई म्हणाल्या, आणि त्यांना वाटलं तेवढं मऊ ते निघालं नाही. ती आली. खाली मान, बोटांत बोटं. "मी तुझा तो शेरा काढणार आहे. पण त्यासाठी मला एकदा ऐकायला हवं. ते जीवेचं. येतं ना तुला?" मान हलली. "मग सांग." पुटपुटनं तोंड उघडलं, वर पाहिलं, आणि मिटलं. बाईंनी हसून बघितलं. हसणं अंगावर मापाचं बसेना. मैदानावर कुणीतरी घोषणा दिल्यासारखं ओरडलं. बाई थांबल्या, फोनमधली थांबते तशा थांबायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या थांबण्यातही काहीतरी टकटकत होतं. "माझ्यापुढं का बोलता येत नाही गं तुला?" त्यांनी शेवटी विचारलं. "तिच्याशी बोलतेस ना? तिचा आवाज माझाच आहे." पुटपुट पुटपुटली. "काय? मोठ्यानं..." बाईंनी वाक्य अर्ध्यात गिळलं आणि पुढं वाकल्या. "सांग. मला ऐकू आलं नाही, माझेच कान..." "तिला चेहरा नाही," पुटपुट म्हणाली.

बाई तशाच वाकून राहिल्या. "माझ्या चेहऱ्याला काय होतं?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना उत्तर नको होतं. पोरगी बराच वेळ मोज्याकडं बघत होती. मग, आता बोललेच आहे तर, अशा सुरात म्हणाली, "मी चुकायच्या आधीच तुम्हाला कळतं. तुमचं ते इथं वर जातं." तिनं स्वतःच्या डाव्या भुवईला बोट लावलं. "मग मला जे येत असतं ते पण जातं." आणि घाबरून, "सॉरी, बाई." बाईंना काहीतरी बोलायचं होतं. की सॉरी तू नाही म्हणायचं. की हा चेहरा माझा एकटीचा नाही, मला तो असाच मिळाला, मलाही त्याची भीती वाटायची. पण हे सगळं त्या पोरीच्या गळ्यात कशाला बांधायचं? तिला बिचारीला नुसतं एक प्रमेय सांगायचं होतं. बाईंनी खडू उचलला. त्या फळ्याकडं वळल्या आणि वर्तुळ काढलं. नेहमी एका झटक्यात गोल येणारं त्यांचं वर्तुळ, ज्याचा मुलांना फार अभिमान, ते आज एका बाजूला चेपलं. केंद्र मांडलं, जीवा काढली. आणि वर्गाकडं पाठ करून, फळ्याला नाक लागेल इतक्या जवळ, उभ्या राहिल्या. "आता सांग," त्या म्हणाल्या.

मागं काहीच हललं नाही. खडूचा वास येत होता, आणि ओल्या फडक्याचा. या फळ्याकडं आपण कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पुसलेल्या सगळ्या गणितांचा पांढुरका थर त्यावर होता. मग कुठून तरी, खोलीच्या पार टोकाकडून आल्यासारखं, "केंद्रापासून जीवेवर लंब टाकला" आलं. बाईंनी लंब काढला. "दोन्ही टोकांना त्रिज्या काढल्या." बाईंनी त्या काढल्या. पोरीचा आवाज एकेक पायरी वर चढत होता आणि बाईंचा हात मुकाट्यानं तिच्या मागून चालला होता, आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी मागून. "एकाच वर्तुळाच्या त्रिज्या, म्हणून सारख्या. लंब दोन्हीकडं तोच. इथं काटकोन, इथं पण काटकोन. म्हणून..." ती अडली. तिथंच, जिन्यात अडली होती तिथंच. नाकात तो छोटा श्वास भरून आला, बाहेर पडायला अगदी तयार, अण्णांचा श्वास, आणि बाईंनी तो आतच दाबून धरला, छातीत दुखेपर्यंत. आता काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक होतं. पण ते वाक्य त्यांचं नव्हतं, ते फोनमधलीचं होतं. दुसऱ्याचं पुस्तक ढापावं तसं ओशाळत त्या म्हणाल्या, "घाई नाही. पुन्हा... सांग. मी ऐकतेय." आवाज चिरकला. यंत्राला हे कितीतरी बरं जमतं. मागं पुटपुटनं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, केंद्रापासून, न अडता, आणि "म्हणून जीवेचे दोन्ही भाग सारखे" इथं येऊन थांबली. एकही पायरी गाळली नव्हती. चेपलेल्या वर्तुळातसुद्धा जीवेचे दोन्ही भाग सारखे दिसायला लागले होते.

"बरोबर?" पुटपुटनं विचारलं. "बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांना वळायचं होतं. वळून तिच्या डोक्यावर हात ठेवावा, शाब्बास म्हणावं, तिचं खरं नाव घेऊन म्हणावं. पण आपल्या चेहऱ्यावर आत्ता काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. गालांवरून ओघळत होतं तेवढं कळत होतं, भुवईचा भरवसा नव्हता. "तुझा शेरा आज निघेल," त्या फळ्याकडंच बघत म्हणाल्या. "वरच्या तुकडीत जाशील. तिथं मीच आहे शिकवायला." हे शेवटचं बोलल्यावर त्यांना वाटलं, ही बातमी चांगली की वाईट, हे पोरीनं ठरवायचं. मागं पावलं वाजली, दारापर्यंत गेली, आणि थांबली. घंटा व्हायला आली होती. मैदानावरचा गलका जिन्याकडं सरकत होता.

"बाई," दारातून आवाज आला, आणि तो वरच्या मजल्यापर्यंत जाईल इतका स्पष्ट होता. "वरच्या तुकडीत माझी तोंडी असली की तुम्ही असंच उभं राहाल?"

"राहीन," बाई फळ्याला म्हणाल्या.